पंप उतरवण्याआधी टाकीपासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका गृहस्थांकडे २००७ सालची बोलेरो आहे, डीआय इंजिनची, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या. वडिलांनी घेतलेली, म्हणून विकायची नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी आठ-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू होते. पण गायमुखच्या चढावर, त्यातही पाच-सहा माणसं बसलेली असली की, दम टाकते, झटके खाते, आणि दोनदा तर बंदच पडली. दहा मिनिटं थांबल्यावर काही झालंच नाही अशी निघाली. डिझेल फिल्टर दोनदा बदलून झाला. आता गॅरेजवाले म्हणतात, डिझेल पंप (नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मापून जुळवायला द्या, नोझलसकट (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) तीसेक हजार लागतील. करू का?

आत्ता करू नका. मी वागळे इस्टेटमध्ये २६ वर्षं डिझेल पंप आणि नोझल यांचंच काम करतो. पंप उघडण्यावर माझं घर चालतं, तरी हे सांगतोय. चांगला पंप उघडला की त्याची जुनी बसलेली सिलं जातात, टायमिंग (डिझेल फवारायची नेमकी वेळ) हलतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मग माणूस चिडून दुसऱ्या पंपवाल्याकडे जातो आणि तोही पंपच उघडतो.

तुमच्या वर्णनात पंपाविरुद्ध फारसा पुरावा नाही. या प्रकारचा रोटरी पंप आतून झिजला की त्याचा त्रास गरम असताना जास्त होतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून मागे सटकतं, आणि सेल्फच्या कमी वेगाला नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. अशी गाडी सकाळी चटकन सुरू होते आणि दुपारी सिग्नलला बंद पडली की रडवते. तुमची गाडी बरोबर उलटं वागते. थंड असताना नखरे, गरम असताना शहाणी. गायमुखला बंद पडून दहा मिनिटांनी निघते ही एक गोष्ट मात्र झिजलेल्या पंपालाही बसते, म्हणून पंपाला मी पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. त्याची पाळी शेवटी येते, एवढंच.

तेव्हा पंप चांगला की खराब हे नंतर बघू. आधी बघायचं ते हे की टाकीतून पंपापर्यंत डिझेल अखंड, हवेशिवाय आणि पुरेसं पोचतंय का.

हा रस्ता कसा आहे ते डोळ्यासमोर आणा. टाकी मागे आणि खाली, पंप पुढे आणि वर. टाकीत पिकअपचा पाईप, त्याच्या तोंडाशी जाळी. तिथून लोखंडी पाईप, मध्ये दोन-तीन ठिकाणी रबरी होज, मग वॉटर सेपरेटर आणि फिल्टर, मग पंप. पंपाच्या पोटात पाती असलेला एक छोटा पंप असतो, तोच डिझेल ओढतो. काही गाड्यांत इंजिनवर वेगळा फीड पंप असतो, काहींत नसतो. तुमच्या गाडीत काय आहे ते बॉनेट उघडून बघावं लागेल, कारण मधल्या काळात कोणी काय बदललंय ते मला इथे बसून दिसत नाही. फीड पंप असेल तर त्याच्या पुढची लाईन दाबाखाली असते, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकतं. पण ओढीच्या लाईनला उलटं होतं. आत दाब कमी, बाहेर हवेचा दाब जास्त, म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाईप कोरडा ठणठणीत दिसतो. “कुठेच लीक नाही साहेब” असं मेकॅनिक सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला लीक दिसण्यासारखं तिथे काही नसतंच.

रात्री गाडी उभी असताना त्याच फटीतून हवा शिरते आणि पाईपमधलं डिझेल आपल्या वजनाने हळूहळू टाकीकडे उतरतं. सकाळी सेल्फ मारला की पंपाला आधी हवा मिळते. आठ-दहा सेल्फमध्ये डिझेल परत वर येतं आणि गाडी चालू होते. दिवसभर मधल्या थांब्यांना तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून त्रास नाही. तुमची सकाळची तक्रार यात नेमकी बसते.

मग चढाचं काय? इथे दोन शक्यता आहेत. एक, दोन वेगळी दुखणी एकाच गाडीत आहेत. १८-१९ वर्षांच्या गाडीत यात नवल नाही. दुसरी, आणि मला जास्त संशय तिचाच आहे, दोन्हींचं मूळ एक आहे. टाकीतली जाळी किंवा लाईन अर्धवट तुंबली असेल तर पंपाला जोर लावून ओढावं लागतं. जितकी ओढ जास्त, तितकी ढिल्या सांध्यातून हवा जास्त. सपाटीवर इंजिनाला डिझेल कमी लागतं, भागून जातं. गायमुखला दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला की मागणी वाढते, अडथळा आडवा येतो, हवा शिरते, गाडी दम टाकते. बंद पडली की ओढ थांबते, जाळीला चिकटलेला कचरा सुटून तळाला बसतो, आणि दहा मिनिटांनी रस्ता मोकळा.

आता तपासणी. आधी फुकटची.

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगला रॅम्प असेल तर दोन रात्री गाडीचं तोंड उताराकडे करून लावा, म्हणजे इंजिन खाली आणि टाकी वर. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला ओंडका किंवा वीट लावा. तिसऱ्या रात्री उलटं लावा, तोंड चढाकडे. उताराकडे लावल्यावर सकाळी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू झाली आणि चढाकडे लावल्यावर रडली, तर हवेचा संशय जवळजवळ पक्का.

सेल्फ मारताना कोणाला तरी मागे सायलेन्सरकडे उभं करा. धूर अजिबात नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. अशा वेळी टायमिंग, कॉम्प्रेशन, असतील तर हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे), नाहीतर सेल्फचा वेग बघायचा. हीटर प्लगबद्दल एक सांगतो. ठाण्याच्या हवेत तो एकटा दोषी क्वचित असतो, आपल्याकडे जानेवारीतही तेवढी थंडी नसते. बॅटरी मात्र जरूर बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही, आणि आपण उगाच डिझेल लाईन चाचपत बसतो.

आणखी एक, दहा सेकंदांचं काम. चढावर गाडी दम टाकेल तेव्हा सुरक्षित जागी बाजूला घ्या. गायमुखला जागा कमी आणि कंटेनर जास्त, तेव्हा घाई नको. मग टाकीचं झाकण उघडा. सुस्स असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी नीट चालली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. झाकणाचं भोक किंवा ब्रीदरचा पाईप बुजलाय. जुनं झाकण हरवल्यावर बाजारातलं कुठलंही बसवलेलं असतं तिथे हे हमखास होतं.

एवढं झालं की पारदर्शक पाईप. तुमच्या डिझेल होजच्याच मापाचा दोन वीत लांबीचा पाईप घ्या आणि फिल्टर ते पंप यांच्यामध्ये बसवा, दोन्हीकडे चांगल्या क्लिपा. तसाच एक रिटर्न लाईनला, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाईपला. प्रायमिंग पंपाने (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) हवा काढा, गाडी चालू करा, आणि उजेडात त्या पाईपकडे बघत राहा. निरोगी गाडीत पाईप भरल्यासारखा दिसतच नाही, इतकं स्वच्छ पिवळसर डिझेल स्थिर दिसतं. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते अडकलेल्या हवेचे. पाच मिनिटांनीही मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ चालूच राहिली, रेस वाढवल्यावर ती दाट झाली, तर हवा बाहेरून येतेय. मग तोच पाईप फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावा. तिथे बुडबुडे नाहीत म्हणजे दोष फिल्टरच्या डोक्यात, फिल्टर जिथे पिळून बसतो तिथे. तिथेही आहेत म्हणजे आणखी मागे. असं एकेक टप्पा मागे सरकत जायचं. हा पाईप तपासणीपुरताच ठेवा, डिझेलने तो महिन्याभरात कडक होऊन चिरतो.

रिटर्न लाईन लोक विसरतात. नोझलवरच्या त्या बारीक कापडी विणीच्या नळ्या उष्णतेने तडकतात. त्यातून हवा शिरली तर तीही पंपातलं डिझेल रात्रीत खाली उतरवते. त्या नळ्या काही फार महाग नाहीत. जुन्या गाडीत मी त्या न विचारता बदलतो.

एक गाडी मला कायमची लक्षात राहिली आहे. तुर्भ्याच्या मार्केटला भाजी वाहणारा टेम्पो. दोन ठिकाणी पंप उघडून झाला होता, नोझल नवीन होते, मालकाने कर्ज काढलं होतं. माझ्याकडे आला तो तिसऱ्यांदा पंप उघडायला. मी पाईप लावला, बुडबुडे दिसले, आणि मागे सरकत सरकत चासीवरच्या होजपर्यंत आलो. होज वरून छान काळा, मऊ. क्लिप सैल केली, होज थोडा मागे ओढला, आणि क्लिपच्या खाली बरोबर रेषेत चिरलेला. बोटाने वाकवला तेव्हाच चीर उघडली, सोडला की मिटली. तेवढा तुकडा कापून नवीन होज घातला. टेम्पो पहिल्या सेल्फला चालू झाला. मालक बराच वेळ तो कापलेला तुकडा हातात घेऊन बसला होता. तेव्हापासून मी होज बघताना क्लिप काढल्याशिवाय बघत नाही.

तुमचा फिल्टर दोनदा बदललाय, आणि म्हणूनच तिथे जास्त काळजीने बघा. जुनी रबरी रिंग डोक्याला चिकटून राहते आणि तिच्यावर नवीन बसते, मग हवा. रिंगला डिझेल न लावता कोरडी पिळली तर मुरडते, तरी हवा. फिल्टर भरतानाही चूक होते. पिळून बसवायच्या फिल्टरला कडेची बारीक भोकं म्हणजे डिझेल आत जाण्याची वाट आणि मधलं मोठं भोक म्हणजे गाळलेलं डिझेल पंपाकडे जाण्याची. बरेच जण बाटलीतलं डिझेल मधल्या भोकात ओततात. म्हणजे न गाळलेलं डिझेल सरळ पंपात. पंपाच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. कडेने भरा, नाहीतर रिकामा बसवून प्रायमिंग पंपाने भरा.

पंपाला जाणारे बॅन्जो बोल्ट (ज्यांच्या पोकळीतून डिझेल जातं) कोणी खोलले होते का, हेही विचारा. बॉशच्या रोटरी पंपाच्या रिटर्नच्या बोल्टवर ‘आउट’ असं कोरलेलं असतं आणि त्याला आत बारीक भोक असतं. तो चुकून आत येणाऱ्या बाजूला बसला तर डिझेलची वाटच चिमटली जाते आणि चढावर अगदी तुमच्यासारखी तक्रार येते. दिसायला दोन्ही बोल्ट भाऊ-भाऊ. खोलताना तांब्याचे वॉशर नवीन घाला.

आता निकालाची तपासणी, कॅनची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या. त्यातून नवीन होज थेट प्रायमिंग पंप आणि फिल्टरकडे द्या, रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. म्हणजे टाकी, जाळी, चासीवरची लाईन सगळी बाजूला पडली. कॅन मेकॅनिकने घट्ट बांधावा, सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब, आणि चाचणी रहदारीत नको, सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर. माणसं भरून चढावर घ्या. गाडी छान चढली तर पंप निर्दोष आणि दोष मागे. तशीच दम टाकली तर दोष पुढे: फिल्टर, पंप, नोझल. ही एक चाचणी तुमचे तीस हजार वाचवेल किंवा ते खर्चायला योग्य कारण देईल. गॅरेजवाल्याला पंप उतरवायच्या आधी ही करून दाखवायला सांगा. चांगला कारागीर रागावणार नाही.

दोष मागे निघाला तर टाकी उतरवून धुवा. जाळीवर काय असतं ते बघाल तर विश्वास बसणार नाही. पिशवीचा तुकडा, टेफ्लॉन टेपचे धागे, गंज, आणि काळा बुळबुळीत थर. तो थर म्हणजे पाण्यावर वाढलेले जंतू. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, पाणी तळाला बसतं, आणि दोघांच्या सीमेवर हे जंतू डिझेल खाऊन वाढतात. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली तरी आतल्या हवेतल्या दमटपणाचं पाणी होऊन तळाला साचतं. पुराचं तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ठाणे-कल्याणही पाण्यात होतं. त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या टेबलावर गंजलेले पंप येत होते, कारण लोकांनी टाकी न रिकामी करता सेल्फ मारला होता. तुमची गाडी कधी पाण्यात उभी राहिली असेल तर हे आठवून बघा. सेपरेटरचा खालचा स्क्रू पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढत जा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी.

सल्फरबद्दल लोक विचारतात. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात सल्फर १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग), आधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. सल्फर काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणा कमी होतो, म्हणून रिफायनरीत त्यासाठी वेगळं रसायन घालतात. त्या डिझेलने पंप मरतो असं मी म्हणणार नाही. पण जुन्या काळच्या डिझेलमध्ये फुगून बसलेली रबरी सिलं नव्या डिझेलमध्ये आकसतात, आणि १८ वर्षांच्या सिलात परत फुगायची ताकद नसते. म्हणून पंपाच्या शाफ्टच्या किंवा वरच्या झाकणाच्या कडेला डिझेलचा ओलावा दिसला तर फक्त सीलकिट बदलावं लागेल. ते पूर्ण दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

काय करू नये तेही सांगतो, कारण या सल्ल्यांनी गाड्या मेलेल्या मी पाहिल्या आहेत. पंप “मोकळा करायला” रॉकेल घालू नका. या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण, आणि रॉकेल कोरडं. सकाळी एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा नको. हीटर प्लग असतील तर आत भडका उडतो आणि पिस्टन, रिंगा जातात. एका दमात अर्धा मिनिट सेल्फ मारू नका, दहा सेकंद मारा आणि अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. आणि नोझलचा पाईप सैल करून हवा काढताना बोट पुढे धरू नका. तुमच्यासारख्या इंजिनात नोझल २०० बारच्या आसपास उघडतो. ती फवारणी कातडीत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. हे वाचून कोणाची नवी कॉमन रेल गाडी असेल तर त्यांनी हाय प्रेशरचा एकही नट सैल करू नये. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो.

कॅनवरही गाडी दम टाकली तर मग पंपाकडे या. त्याआधी नोझल उतरवून टेस्टरवर बघा, पंप हलवायची गरज नाही. फवारा धुक्यासारखा हवा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. ते ठीक असतील तर एकदा गरम असताना बंद पडल्यावर पंपाच्या डोक्यावर थंड पाण्याने ओला केलेला फडका पाच मिनिटं ठेवा. पाणी ओतू नका, फडकाच. त्याने गाडी सुरू झाली तर पंपाचं आतलं हेड (दाब तयार करणारा भाग) झिजलंय, आणि तेव्हा पंप द्यायलाच हवा. देताना जुने काढलेले भाग परत मागून घ्या आणि कॅलिब्रेशन तुमच्या समोर टेस्ट बेंचवर करायला सांगा.

तुम्ही वडिलांची गाडी जपताय, म्हणून एवढं लिहिलं. या इंजिनांत अजून बरीच वर्षं आहेत, त्यांना स्वच्छ डिझेल आणि हवाबंद पाईप मिळाला पाहिजे. पहिल्या रविवारी रॅम्पची आणि पाईपची चाचणी करा आणि मला तीन गोष्टी कळवा. तोंड उताराकडे असताना सकाळी किती सेल्फ लागले. पाच मिनिटांनी पाईपमध्ये बुडबुडे होते का, आणि रेस दिल्यावर वाढले का. गायमुखला बंद पडली तेव्हा टाकीत डिझेल किती होतं, पाव की अर्ध्याच्या वर. दोन्ही वेळा पाव टाकी असेल तर टाकी उतरवायची तयारी ठेवा. चढावर डिझेल मागे सरकतं आणि पिकअपचं तोंड उघडं पडतं, तेव्हा टाकी धुताना आतला पाईप वरून कुजलाय का तेही बघायला सांगा.